मिरचीतल्या गारा

१९९७ सालच्या जुलैतला पहिला रविवार. रक्कम सहाशे चाळीस रुपये. हजर पाच जण: ज्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, आम्ही बसलो होतो ते मास्तर, खाणावळवाल्या काकू, कोपऱ्यावरच्या बेकरीचे चाचा, माझी बायको आणि मी. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. पैसे द्यायला सगळे तयार होते आणि घ्यायला कोणी तयार नव्हतं. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत गारा पडल्या होत्या, त्याचा हा हिशेब होता, आणि तो मी काढलेला होता. मी फौंड्रीत स्टोअर सांभाळत असल्यामुळे गल्लीतला कुठलाही हिशेब फिरून माझ्याकडेच यायचा.

कोल्हापुरात पावसाचं कौतुक कोणाला नाही. जून ते सप्टेंबर तो इतका पडतो की कपडे वाळवण्यातच निम्मं घर गुंतलेलं असतं. पण त्या चार महिन्यांच्या पावसात गार नसते. गार वळवाची. मार्च संपत आला की आम्ही वर बघायला लागायचो आणि मे संपेपर्यंत बघत राहायचो. सकाळपासून अंगाची काहिली, झाडाचं पान हलत नाही, दुपारी जेवण झाल्यावर जोतिबाच्या डोंगराकडं काळं दिसायला लागतं, मग एकदम धुळीचा लोट येतो आणि गल्लीतली सगळी दारं एकापाठोपाठ आपटतात. पहिले थेंब रुपयाएवढे, लांब लांब पडणारे. त्यानंतर पत्र्यावर कोणीतरी मूठभर खडे टाकल्यासारखा आवाज आला की समजायचं, गारा. सकाळी पडलेल्या गारा मी पाहिलेल्या नाहीत. जे काय व्हायचं ते तिन्हीसांजेच्या आत होऊन जायचं.

त्या सगळीकडं सारख्या पडत नाहीत, हे मला नोकरीमुळे कळलं. उद्यमनगरात आमच्या शेडवर गारांनी कान बसवलेले असायचे आणि सायकलवरून मंगळवार पेठेत घरी यावं तर गल्लीत नुसती धूळ. बायको म्हणायची, "भिजलासा कुठं?" गडमुडशिंगीहून कामाला येणारे सोबती दुसऱ्या दिवशी सांगायचे, तिकडं थेंब नाही. एका वर्षी महाद्वार रोडवर पांढरा थर साचला आणि रंकाळ्याच्या काठावर भेळ खाणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. लिंबाएवढी गार पडली म्हणून सांगणारी माणसं दरवर्षी भेटायची. मी स्वतः पाहिलेली सगळ्यात मोठी गार सुपारीएवढी होती. बाकी सगळ्या हरभऱ्यापासून बोरापर्यंत.

सालं मला आकड्यांनी आठवतात, पण गारांची सालं प्रसंगांनीच आठवतात. एका चौदा एप्रिलला आम्ही विहारातून बाहेर पडतोय तोवर जयंतीच्या कमानीवर गारा आल्या आणि मिरवणुकीतला बँड आमच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. पाऊस थांबेपर्यंत त्यांनी तिथंच वाजवलं. मेव्हणीच्या लग्नात गारा साचून मंडपाला मोठं पोट आलं होतं. आचाऱ्यानं खालून झाऱ्याच्या दांड्यानं ते उचललं आणि सगळं ओझं नवऱ्याकडच्या पंगतीवर ओतलं. एक पावणं पानातला जिलेबीवरचा बर्फ बोटानं बाजूला सारत शांतपणे म्हणाले, "आइस्क्रीम हाय म्हणून कुणी सांगिटलंच न्हाय की." त्या एका वाक्यावर लग्न निभावलं.

गार पडली की करायच्या गोष्टीही ठरलेल्या होत्या. घरातली बाई विळी किंवा उलथनं अंगणात फेकायची, लोखंड बघून गारा थांबतात म्हणून. मग पहिली गार तोंडात टाकायची. मोठ्यांनीसुद्धा. दोन-चार पंच्यात गुंडाळून घामोळ्यावर फिरवायच्या. उरलेल्या माठात. माझी बायको या सगळ्याला हसायची आणि सगळं करायची.

दोन हजार सालानंतर हे कमी होत गेलं. गारा कमी झाल्या असं मला म्हणता येणार नाही, तेवढी नोंद माझ्याकडं नाही. छपरं बदलली हे मात्र नक्की. कौलं आणि पत्रे जाऊन गल्लीत स्लॅब आले, मागं दोन अपार्टमेंट उभी राहिली, आणि गारांचा आवाज गेला. आता खिडकीतून बाहेर बघितल्यावर कळतं. अंगणात विळी टाकायला अंगण नाही, आणि गारा सुरू झाल्या की माणसं आपल्या चारचाकीवर गोधडी टाकायला पळतात.

सत्त्याण्णव साली मात्र गल्लीत स्लॅबचं घर एकच होतं, मास्तरांचं. त्यामुळे उन्हाळ्यात पाच घरांची वाळवणं मास्तरांच्या गच्चीवर असायची. कुरडया, सांडगे, पापड, आणि शेवटी मिरची. कोल्हापुरात वर्षाची चटणी उन्हाळ्यात एकदाच करतात. लक्ष्मीपुरीतून मिरची आणायची, देठं काढून कडक वाळवायची, कांदा-लसूण-खोबरं आणि मसाला भाजायचा आणि मिरची कुटायच्या डंकावर नेऊन सगळं एकत्र कुटून आणायचं. ती बरणीत भरली की वर्षभर आमटीला, भाजीला, रश्शाला तीच. ती बिघडली तर वर्षभर जेवण बिघडतं.

आमच्या चार घरांचं बिघडलं असतं तर आम्ही कुरकुर करत खाल्लं असतं. काकूंचं तसं नव्हतं. नवरा गेल्यावर त्यांनी घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत खाणावळ सुरू केली होती. नेसरी, आजरा, चंदगडकडची शिकायला आलेली पोरं त्यांच्याकडं जेवायची. चपात्या कोणाकडंही मिळतात, पोरं यायची ती काकूंच्या रश्शाला. तो लाल दिसायचा पण जिभेला फार झोंबायचा नाही, कारण त्या ब्याडगी जास्त घालायच्या आणि संकेश्वरी बेतानं. आदल्या वर्षी गल्लीच्या तोंडाला टेबल-खुर्च्या आणि टीव्हीवाली नवी मेस निघाली आणि काकूंची सात पोरं तिकडं गेली होती. या वर्षी आणखी गेली असती तर खाणावळ बंद करून भावाकडं जायचं, हे त्या माझ्या बायकोजवळ बोलल्या होत्या. आहेत नाहीत ते सगळे पैसे घालून त्यांनी अठरा किलो मिरची आणली होती. मास्तरांची सहा, आमची पाच, बाकी दोन घरांची मिळून नऊ. सगळी अडतीस किलो.

ती वर कधी चढवायची याचा निर्णय काकूंचा. जोतिबाची चैत्री यात्रा झाली की डोंगरावरचा गुलाल धुवायला एक पाऊस येतो, हे आमच्याकडं सगळेच धरून चालतात. तो येऊन गेला की पुढं आठ-दहा दिवस उघडीप, हेही. त्यातलं पहिलं पुष्कळदा खरं होतं. त्या वर्षी यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी पाऊस झाला आणि काकूंनी गल्लीत जाहीर केलं, "गुलाल धुऊन झाला न्हवं? आता त्यो येत न्हाय. काढा मिरच्या भाईर."

मास्तर म्हणाले, "वहिनी, आभाळानं तुम्हाला लिहून दिलंय का?"

"मास्तर, तुमची गच्ची तेवढी द्या. सल्ला ठेवून घ्या तुमच्याकडं."

पुढच्या सोमवारी आमच्या फौंड्रीची सुट्टी होती, म्हणून मी घरी होतो. मिरचीला चांगली तीन उन्हं मिळाली होती. गच्चीवर पाच घरांची पाच जुनी लुगडी पसरलेली आणि प्रत्येकाची मिरची आपापल्या लुगड्यावर, मधून चालायला वीतभर जागा सोडून. दुपारी मी डुलकी काढत होतो तोवर दारं आपटली. जिना चढून वर पोचलो तेव्हा वाऱ्यानं लुगडी एकमेकांवर नेऊन टाकली होती आणि मिरची कठड्याच्या कोपऱ्यात ढिगानं गोळा झाली होती. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, कोणाची कुठली काही कळत नव्हतं. आणि तेवढ्यात गारा सुरू झाल्या.

कोणी कोणाला काही सांगितलं नाही. ज्याच्या हाताला जे कापड लागलं त्यात त्यानं सुपानं, खराट्यानं, हातानं मिरची लोटली, चार टोकं धरली आणि जिन्यानं खाली पळाला. काकू पदर डोक्यावर घट्ट धरून ओरडत होत्या, "कुणाची कुठली बगू नका, भरा, भरा." माझ्या टाळक्यावर बोराएवढी गार बसली ती अजून आठवते. आम्ही सगळी मिरची वाचवली, एक किलोही वर राहिली नाही, आणि मास्तरांच्या सोप्यात शहाबादी फरशीवर तिचा एकच ढीग घातला.

घाईत गारा मिरचीबरोबर भरून आणल्या होत्या, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. ते पहिल्यांदा मास्तरांना कळलं. वय झालं तरी पहिली गार खायची सवय त्यांनी सोडली नव्हती. ढिगाच्या कडेला एक चांगली टपोरी गार दिसली, ती त्यांनी उचलून तोंडात टाकली. ब्याडगी-लवंगीत लोळून आलेली गार. त्यांचे कान आधी लाल झाले, मग डोळ्यांतून पाणी आलं, मग ते सरळ मोरीकडं गेले. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काय झालं वं?" मोरीतून उत्तर आलं, "गूळ आण."

सगळे हसायला लागले. काकूही हसल्या. मग त्यांनी ढिगात हात घातला आणि बाहेर काढला तो कोपरापर्यंत लाल पाण्यानं भिजलेला. ढिगाच्या पोटात शेकडो गारा वितळत होत्या. आम्ही मिरची पावसातून आत आणली होती आणि पाऊसही तिच्यात बांधून आणला होता.

काकू खाली बसल्या. "संपलं बघा," म्हणाल्या.

भिजलेली मिरची दुसऱ्या दिवशी चिकट होते, तिसऱ्या दिवशी आतून काळी पडते आणि वास मारते. तिला लगेच ऊन पाहिजे. बाहेर आभाळ तसंच भरलेलं होतं, तारा तुटून लाईट गेली होती, म्हणजे पंखाही नाही. बायकांनी ढीग पसरला, गारा वेचून बादलीत टाकल्या, कोरड्या चादरींनी मिरची टिपली. माझी बायको टिपता टिपता काकूंकडं बघत होती आणि मी बायकोकडं. कोणाकडंच उपाय नव्हता.

चाचा डोक्यावर पोतं घेऊन आले ते बेकरीची काच फुटली म्हणून सुतार बघायला निघाले होते. दारातून आत बघून थांबले. एक मिरची उचलून त्यांनी बोटांत पिळली.

"भाभी, आणा की भट्टीवर."

"पाव भाजतासा त्यात, चाचा."

"मग? पाव भाजतो, मिरची भाजायची न्हाय. दुपारची खारी काढलीया, भट्टी कोमट हाय. दार उघडं ठेवून वाळवायची. आज पाव न्हाय करत, झालं."

"आणि गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक एक दिवस चपाती खातंय."

त्या संध्याकाळी आम्ही अडतीस किलो मिरची ओल्या गाठोड्यांतून बेकरीत नेली. चाचांनी पावाचे पत्रे काढले, त्यावर पातळ थर देऊन मिरची पसरली आणि एकेक पत्रा लांब फळीनं भट्टीत सारला. लाकडाची भट्टी, कधी विझल्यासारखी वाटली की आत एक ढलपी. पहिला अर्धा तास सगळं ठीक होतं. मग बेकरीतून जो खकाणा सुटला तो गल्लीत शिरला. आधी कोपऱ्यावरचा पानवाला शिंकला, मग रस्त्यानं जाणारे, मग घरोघरी पोरं, म्हातारी माणसं, सगळी गल्ली खोकायला लागली. चाचांचे दोन कामगार तोंडाला ओला रुमाल बांधून पत्रे फिरवत होते. त्यातला एक डोळे पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "चाचा, मिरची वाळवालाईसा का आमाला?"

"तुला वाळवून काय उपेग, कुटाय कोण घेणार?" चाचा म्हणाले. त्यांचेही डोळे वाहत होते.

सकाळपर्यंत मिरची वाळली. बहुतेक सगळी. मग मास्तरांच्या सोप्यात बायकांनी ती निवडली. सुरकुतलेली ब्याडगी एकीकडं, सरळ लांब संकेश्वरी दुसरीकडं, बोटाच्या पेराएवढी लवंगी तिसरीकडं. करपलेली आणि काळी पडलेली तीन किलो बाजूला निघाली. कोणी कुठली किती आणली होती ते ज्याला त्याला ठाऊक होतं, त्यामुळे वाटणी अवघड नव्हती. तीन किलोची तूट मी पाच घरांवर प्रमाणात बसवली आणि काकूंच्या वाट्याला येणारी साधारण दीड किलो वजा करून तागडी हातात घेतली. बायको म्हणाली, "हे काय करालाईसा? आदी काकूंचं अठरा पुरं करा. राहील त्यात आमी बगतो." मी मास्तरांकडं बघितलं. ते जिभेवर गूळ ठेवून बसले होते, त्यांनी मान हलवली. बाकीच्या दोन घरांनीही हलवली. काकूंना अठरा किलो मोजून दिली.

पण ती पहिल्यासारखी मिरची नव्हती, हे कुटायला नेल्यावरच कळलं. डंकवाल्यानं हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "ह्याला धुराचा वास कसला ओ?" चटणी रंगाला जरा काळपट आली. लवंगीचे तुकडे ब्याडगीत राहून गेले होते, त्यामुळे तिखटही झाली. आमच्या घरी पहिल्या दिवशी आमटीला मी तीन तांबे पाणी प्यालो. काकूंनी चटणी चाखली आणि बरणीचं झाकण लावलं. चाचांना त्या रात्रीचे पैसे द्यायचे म्हणून मी विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "पोरं जेवाय बसू द्या. मग बगू, काय ऱ्हातंय ते."

जूनअखेर कॉलेजं सुरू झाली. पहिल्या दिवशी काकूंनी माझ्या बायकोला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, वाढायला मदत म्हणून. प्रत्यक्षात सोबत पाहिजे होती. बायकोनं घरी येऊन सांगितलं ते असं: पोरांनी पहिला भुरका मारला. एकाला ठसका लागला. चंदगडकडचा एक पोरगा घाम पुसत म्हणाला, "काकू, ह्यात काय घातलासा?" काकू म्हणाल्या, "गारा." पोरगा म्हणाला, "मग अजून एक वाटी गारा वाढा." दोघा-तिघांना झेपलं नाही, ते दुसऱ्या दिवसापासून टीव्हीच्या मेसला गेले. पण धुराच्या वासाच्या रश्शाची बातमीही त्यांच्याबरोबर तिकडं गेली, आणि आदल्या वर्षी गेलेल्या सातांपैकी चार जण आठवडाभरात परत येऊन काकूंच्या दारात उभे राहिले. पुढच्या वर्षी पोरं तीच चटणी मागत होती. काकू म्हणाल्या, "दरसाल गारा कुठनं आणू, बाबांनो?"

तर त्या चार जणांनी महिन्याचे पैसे आगाऊ भरले, त्यानंतरचा हा जुलैतला रविवार. काकूंनी स्वतःच सगळ्यांना मास्तरांकडं बोलावलं होतं. मी हिशेब वाचला. दोन कामगारांची रात्रीची रोजी एकशे वीस, लाकूड दीडशे, न झालेल्या पावाचा नफा एकशे साठ, आणि दुसऱ्या दिवशी तिखट लागतो म्हणून गिऱ्हाइकांनी परत आणलेला पाव दोनशे दहा. एकूण सहाशे चाळीस. पाच घरांवर मिरचीच्या वजनाप्रमाणं वाटणी.

काकू म्हणाल्या, "वाटणी न्हाय. निम्मी मिरची माजी, इचार माजा, पैसं मीच देणार."

"मग मी घेत न्हाय," चाचा म्हणाले.

मी म्हणालो, "चाचा, लाकडाचे तरी घ्या. ते तुम्ही विकत आणलेलं."

"भट्टी थंड ठेवली असती व्हय मी? ते जळणारच होतं."

"परत आलेला पाव?"

"त्यो आमी चहात बुडवून खाल्ला. चांगला लागला. घरात अजून मागत्यात."

"नफा?"

"गारांवर नफा घेऊ? आब्रू हाय मर्दा मला."

मास्तर म्हणाले, "चाचा, असं केलंत तर पुढच्या खेपेला काकू तुमच्या दारात यायच्या नाहीत. तेवढा विचार करा." काकूंनी तोंड दुसरीकडं वळवलं होतं. कपातला चहा थंड होत होता. माझा आकडा बरोबर होता, त्यात कुठं चूक नव्हती, आणि तरी त्यातली एकेक ओळ ते माझ्यासमोर खोडत होते.

शेवटी चाचा म्हणाले, "रोजी माजी न्हाय. ती पोरांची हाय. मी त्यांस्नी त्या रातची दिलो, पण नुसती रोजची दिलो. खोकून खोकून बेजार झालती बिचारी. त्यांच्या हातात काय द्यायचं असलं तर द्या भाभी, मी मदी येत न्हाय."

काकूंनी कमरेची पिशवी सोडली. चाचांनी दारातून हाक मारली तशी दोघं कामगार पिठाचे हात पुसत, पावसातून पळत आले. मी सहाशे चाळीसच्या खाली रेघ मारली. एकशे वीस रुपये दिले गेले, साठ एकाला आणि साठ दुसऱ्याला, काकूंच्या हातून.